पासपोर्ट न सोडता परदेशी: गोव्यातल्या तरुणांसाठी तात्पुरत्या व्हिसांची वाट

गोव्यात परदेशी जाण्याचे तीन मार्ग सगळ्यांना तोंडपाठ आहेत: बोट, गल्फ आणि पोर्तुगीज पासपोर्ट. वाड्यावर कोणी ना कोणी तारवटी (बोटीवर काम करणारा) असतो, शेजारचा मुलगा दोहा-दुबईला असतो, आणि आजोबांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा असेल तर लिस्बनला जन्मनोंद करण्याचा विषय घरात कधीतरी निघतोच. चौथी वाट म्हणजे ठराविक मुदतीचे व्हिसा. सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं जायचं, काम करायचं किंवा शिकायचं आणि परत यायचं. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे इथल्या घरांत या वाटेबद्दल अजून फारसं बोललं जात नाही. ते बोललं जावं म्हणून हे लिहितो आहे.

पोर्तुगीज पासपोर्टबद्दल आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तो घेणं हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, पण त्याची किंमत पूर्ण समजून घ्या. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की भारताचं जातं. मग मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, हाती उरतं ते ओसीआय, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचं कार्ड. शिवाय ज्या इंग्लंडसाठी अनेकांनी तो घेतला, तिथे युरोपीय नागरिकांचा मुक्त प्रवेश ३१ डिसेंबर २०२० ला संपला. आज नवा पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन लंडनला उतरलेल्या माणसाला कामासाठी व्हिसाच लागतो. दोन वर्षांच्या अनुभवासाठी जायचं असेल तर नागरिकत्व पणाला लावायची काहीच गरज नाही.

देश नंतर, कागद आधी

माझ्याकडे चौकशीला येणारी मुलं पहिला प्रश्न विचारतात तो 'कुठला देश सोपा?' मी त्यांना कागद दाखवायला सांगतो. देश ठरवायला एक संध्याकाळ पुरते, कागद नीट करायला एक पावसाळा जातो.

पहिला कागद जन्माचा दाखला. त्यावरचं नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर जुळलं पाहिजे. गोव्यात हे इतरांपेक्षा अवघड जातं, कारण वडिलांच्या किंवा आजोबांच्या नोंदीत आडनाव पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगने आणि मुलाच्या शाळेत इंग्रजी वळणाने, असं सर्रास सापडतं. नाईक, कामत, गावकर, केणी या घरांना हे वेगळं सांगायला नको. कुठे पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो आणि पूर्ण नाव एकाच ओळीत बसवलेलं असतं. फरक दिसला तर आधी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन दुरुस्तीचा मार्ग विचारा. नाव-आडनाव बदलायला गोव्यात १९९० चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे नुसतं नोटरीकडचं अ‍ॅफिडेव्हिट करून निभावेल असं धरून चालू नका. दुरुस्त दाखला हातात आला की मग पणजीच्या पासपोर्ट कार्यालयाचं काम. पासपोर्टची मुदत ठरलेल्या परतीनंतरही काही महिने शिल्लक असेल असं बघा.

दुसरा कागद अनुभवाचा, आणि इथे गोव्यातली मुलं सर्वांत जास्त अडकतात. तीन-चार सीझन हॉटेलात किंवा रेस्टॉरंटच्या किचनमध्ये उभं राहून काम केलेलं असतं, पण अपॉइंटमेंट लेटर नसतं, पगार रोख मिळालेला असतो आणि ज्या मॅनेजरच्या हाताखाली काम केलं तो दुसरीकडे गेलेला असतो. व्हिसा अधिकाऱ्यासमोर अशा अनुभवाची किंमत शून्य. म्हणून सीझन चालू असतानाच, म्हणजे मे महिन्याच्या आत, लेटरहेडवर पत्र मागून घ्या. त्यात पद, विभाग, कामाला लागल्याची आणि सोडल्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, रोजची नेमकी कामं, सही करणाऱ्याचं पद आणि चालू फोन नंबर हवा. त्याच्या जोडीला पगार बँकेत जमा झाल्याच्या नोंदी, पीएफचं पासबुक किंवा ईएसआयसीची नोंद जोडा. मालक पगार रोख देत असेल तर बँकेत भरायची विनंती आजच करा, कारण मागच्या तारखांचा पुरावा नंतर तयार करता येत नाही. ओळखीच्या हॉटेलातून खोटं पत्र आणणं तर मुळीच नको. वकिलातीतून फोन करून पडताळणी होते, आणि खोटा कागद एकदा पकडला गेला की त्या देशाचा दरवाजा अनेक वर्षांसाठी, अमेरिकेच्या बाबतीत कायमचाही, बंद होऊ शकतो.

तिसरा कागद पदवीचा. गोवा विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र घरात नसेल तर ताळगावच्या पठारावर जाऊन अर्ज करून ठेवा. काही देश प्रमाणपत्रांवर अ‍ॅपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लागणारा शिक्का, मागतात. तो शिक्का परराष्ट्र मंत्रालय देतं, पण त्याआधी राज्य सरकारच्या पातळीवर पडताळणी लागते, तेव्हा त्यासाठी वेगळा वेळ धरा.

अमेरिकेचा जे-१: हॉटेलवाल्यांनी नीट वाचावा असा

गोव्याचा तरुण ज्या धंद्यात सर्वांत जास्त आहे त्याला सर्वांत जवळचा व्हिसा म्हणजे जे-१. तो नोकरीचा नाही, प्रशिक्षणाचा आहे, आणि हा फरक शेवटच्या मुलाखतीपर्यंत लक्षात ठेवावा लागतो.

यातले दोन प्रकार आपल्या कामाचे. 'इंटर्न' हा शिकत असलेल्या किंवा पदवी-पदविका पूर्ण होऊन बारा महिने उलटले नाहीत अशा मुलांसाठी; मुदत जास्तीत जास्त १२ महिने. पर्वरीच्या आयएचएममधून किंवा रायच्या हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजमधून नुकतं बाहेर पडलेल्यांसाठी हा बरोबर बसतो. 'ट्रेनी' हा पदवी किंवा व्यावसायिक प्रमाणपत्र आणि वर अमेरिकेबाहेरचा किमान एक वर्षाचा संबंधित अनुभव असलेल्यांसाठी. पदवी नसेल तर त्या क्षेत्रातला पाच वर्षांचा अनुभव चालतो. बारावीनंतर थेट किचनमध्ये शिरलेल्या आणि तिथे पाच वर्षं पूर्ण केलेल्या मुलांनी ही ओळ दोनदा वाचावी, आणि मग वरच्या अनुभवपत्राच्या परिच्छेदाकडे परत जावं. ट्रेनीची एरवीची मुदत १८ महिने, पण हॉटेल-पर्यटनात १२ महिनेच.

पायऱ्या अशा. आधी अमेरिकेतलं एखादं हॉटेल किंवा रिसॉर्ट तुम्हाला घ्यायला तयार पाहिजे. पण व्हिसाचे कागद हॉटेल देत नाही. ते देते अमेरिकी परराष्ट्र खात्याने मान्यता दिलेली स्पॉन्सर संस्था, आणि त्या संस्थांची यादी खात्याच्या जे-१ संकेतस्थळावर उघड आहे. यादीत नाव नसेल तर पुढे बोलूच नका. स्पॉन्सर, हॉटेल आणि तुम्ही मिळून प्रशिक्षणाचा आराखडा भरता, तो फॉर्म डीएस-७००२. हॉटेल क्षेत्रातला कार्यक्रम सहा महिने किंवा जास्त असेल तर त्यात किमान तीन विभागांत फिरवणं बंधनकारक आहे. फ्रंट ऑफिस, बँक्वेट, किचन असं काहीतरी. बारा महिने फक्त हाउसकीपिंग असा आराखडा समोर आला तर त्या हॉटेलला मजूर हवा आहे, शिकाऊ माणूस नको. सही करू नका. आराखडा मंजूर झाला की स्पॉन्सर डीएस-२०१९ हा पात्रतेचा दाखला देतो. मग २२० डॉलरची सेव्हिस फी (सेव्हिस ही परदेशी विद्यार्थी-प्रशिक्षणार्थींची अमेरिकी सरकारी नोंदप्रणाली), डीएस-१६० अर्ज, १८५ डॉलरची व्हिसा फी आणि मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. गोवा मुंबईच्याच अखत्यारीत येतो. स्पॉन्सरची फी आणि आरोग्य विमा यांचा खर्च वेगळा, आणि तो स्पॉन्सरप्रमाणे बराच बदलतो. दोन-तीन ठिकाणचे दर लेखी मागवा.

मुलाखतीत अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: हा माणूस परत जाईल असं अधिकाऱ्याला पटत नाही. उत्तर पाठ करून जाऊ नका, पण खरं उत्तर आधी स्वतःशी ठरवा. पेडण्यात घरचं गेस्टहाउस आहे, जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून त्या पट्ट्यात हॉटेलं वाढत आहेत, बँक्वेटचं काम शिकून इथे तेच करायचं आहे, हे खरं असेल तर ते साध्या शब्दांत सांगा. आराखड्यातल्या प्रत्येक विभागात काय शिकणार, हे न बघता सांगता आलं पाहिजे.

पूर्वी जे-१ वर गेलेल्या भारतीयांना परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट अनेकदा लागायची. ९ डिसेंबर २०२४ ला अमेरिकेने ही अट कुठल्या देशांना लागते ते ठरवणारी कौशल्यांची यादी बदलली आणि भारताचं नाव त्यातून निघालं, त्यामुळे त्या यादीमुळे लागणारी अट आता भारतीयांना लागत नाही. सरकारी पैशाने गेलेल्यांना आणि डॉक्टरी प्रशिक्षणाला गेलेल्यांना ती अजून आहे. आणखी एक फायद्याची बाब: करांच्या नियमांनुसार अनिवासी असलेल्या जे-१ धारकाच्या पगारातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर हे तिथले कर कापायचे नसतात. पहिल्या पगाराच्या स्लिपवर ते कापलेले दिसले तर लगेच विचारा.

याच्या शेजारी एच-३ नावाचा आणखी एक प्रशिक्षण व्हिसा आहे, कमाल दोन वर्षांचा. तो मिळायला ते प्रशिक्षण भारतात उपलब्ध नाही हे कंपनीला दाखवावं लागतं. सामान्य हॉटेल किंवा वर्कशॉपच्या मुलाला तो क्वचितच लागू पडेल.

ब्रिटनचं बॅलट

'इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम' ही २०२३ मध्ये सुरू झालेली योजना मला सर्वांत मोकळी वाटते, कारण यात मालक आधी शोधावा लागत नाही. वय १८ ते ३०, पदवी किंवा त्याहून वरचं शिक्षण, अवलंबून असलेलं मूल नाही, आणि खात्यात २,५३० पौंडांइतकी रक्कम. वर्षाला ३,००० जागा. बॅलट, म्हणजे जागांची सोडत, फेब्रुवारीत आणि जुलैत निघतं, बहुतेक जागा फेब्रुवारीत. खिडकी जेमतेम दोन दिवस उघडी असते, प्रवेश मोफत. नाव, जन्मतारीख, पासपोर्टचा तपशील, पासपोर्टच्या पानाचा फोटो, फोन आणि ईमेल एवढंच भरायचं.

निवड झाली तर ईमेल येतो आणि अर्जाला ९० दिवस मिळतात. इथे दोन गोष्टी घात करतात. एक, ती २,५३० पौंडांची रक्कम सलग २८ दिवस खात्यात पडून असली पाहिजे आणि अठ्ठाविसावा दिवस अर्जाच्या तारखेआधी ३१ दिवसांच्या आतला हवा. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रुपयाचा दर हलतो, म्हणून थोडी जास्तच रक्कम ठेवा. दुसरी, क्षयरोग तपासणी मान्यताप्राप्त दवाखान्यातच होते, गल्लीतल्या लॅबचा रिपोर्ट चालत नाही. खर्च बघा: २०२५ च्या दराने व्हिसा फी ३१९ पौंड आणि दोन वर्षांचा आरोग्य अधिभार १,५५२ पौंड. दोन्ही मिळून रुपयांत दोन लाखांच्या आसपास किंवा वर. व्हिसा मिळाल्यावर ही रक्कम परत येत नाही. २,५३० मात्र तुमचेच राहतात, तिकडच्या पहिल्या भाड्याला उपयोगी पडतात.

व्हिसा दोन वर्षांचा, वाढवता येत नाही, कुटुंब नेता येत नाही, आयुष्यात एकदाच. जवळजवळ कुठलीही नोकरी करता येते, स्वतःचा छोटा धंदाही मर्यादेत चालतो. एकतिसावा वाढदिवस जवळ आला असेल तर बाकी सगळे बेत बाजूला ठेवून हे बॅलट आधी भरा.

ऑस्ट्रेलियाची तीन दारं

पहिलं, वर्क अँड हॉलिडे, सबक्लास ४६२. भारतासाठी २०२४ मध्ये उघडलं, वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, बॅलटच्या नोंदणीचे २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं उच्च शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि सुमारे ५,००० ऑस्ट्रेलियन डॉलरची शिल्लक दाखवावी लागते. एका मालकाकडे साधारण सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही. उत्तरेकडच्या आणि दूरच्या भागांत हॉटेल-पर्यटनाचं तीन महिन्यांचं ठरावीक काम केलं तर दुसऱ्या वर्षासाठी अर्ज करता येतो, आणि ते काम आपल्या मुलांच्या हाताचं आहे.

दुसरं, 'मेट्स' नावाची योजना, डिसेंबर २०२४ पासून, वर्षाला ३,००० जागा, दोन वर्षांपर्यंत मुक्काम. अभियांत्रिकी, खाणकाम, माहिती तंत्रज्ञान, एआय, वित्त तंत्रज्ञान, शेती तंत्रज्ञान आणि अक्षय ऊर्जा इतकीच क्षेत्रं. पदवी गेल्या दोन वर्षांतली हवी आणि केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीवर आधारलेल्या यादीतल्या संस्थेची हवी. फर्मागुडीच्या कॉलेजातून खाणकाम शिकलेल्या मुलांना नाव बघून हुरूप येईल, पण २५ डॉलर भरण्याआधी पदवीवर ज्या विद्यापीठाचं नाव आहे ते यादीत आहे का, हे तपासा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण ६ आणि प्रत्येक भागात किमान ५ लागतात.

तिसरं, सबक्लास ४०७, प्रशिक्षणाचा. यात बॅलट नाही, वयाची वरची अट नाही, पण ऑस्ट्रेलियातला मान्यताप्राप्त स्पॉन्सर हवा. तिशी ओलांडलेल्या शेफ किंवा मेकॅनिकने हा पर्याय पाहावा.

जपान: पदवी नसलेल्यांसाठी

वास्कोला, झुआरी-मांडवीच्या काठावरच्या यार्डांत वेल्डिंग, फिटिंग करणारी मुलं या लेखात आतापर्यंत कुठेच बसली नसतील. त्यांच्यासाठी जपानचा 'स्पेसिफाइड स्किल्ड वर्कर' व्हिसा आहे. एप्रिल २०१९ मध्ये तो सुरू झाला, भारताशी करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. जहाजबांधणी, हॉटेल, खानपान, शेती, वृद्धांची सेवा, बांधकाम ही त्यातली काही क्षेत्रं. पदवी लागत नाही. दोन परीक्षा लागतात: त्या क्षेत्रातल्या कौशल्याची आणि जपानी भाषेची. भाषेसाठी जेएलपीटीची एन-४ पातळी किंवा जेएफटी-बेसिक. वृद्धसेवेसाठी भाषेची आणखी एक परीक्षा असते. पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही, आणि त्याच कामाला जपानी माणसाला मिळतो तेवढा पगार द्यायचं बंधन मालकावर असतं.

जेएलपीटी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. शून्यापासून एन-४ ला मन लावून शिकणाऱ्याला साधारण वर्ष लागतं असं धरा. जून ते सप्टेंबर गोव्यात कामं मंदावतात, ते चार महिने भाषेला द्या. जुन्या 'टेक्निकल इंटर्न' योजनेच्या जाहिराती अजून दिसतात. तिच्या जागी नवी योजना आणणारा कायदा जपानने २०२४ मध्ये केला आणि बदल २०२७ मध्ये लागू व्हायचा आहे. तेव्हा कुणी त्या योजनेत नाव घालायला सांगत असेल तर नेमकी कुठली योजना आणि किती वर्षांची, हे लेखी घ्या.

जर्मनीबद्दल थोडक्यात. १ जून २०२४ पासून तिथे 'चान्सेनकार्टे' मिळतं: एक वर्ष राहून नोकरी शोधायची, तोवर आठवड्याला २० तास काम करता येतं. पदवी किंवा मान्यताप्राप्त दोन वर्षांचं व्यवसाय शिक्षण, जर्मन ए-१ किंवा इंग्रजी बी-२, आणि पात्रता मोजायच्या गुणपद्धतीत किमान सहा गुण हवेत. वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी दाखवावी लागते आणि ती मोठी असते, म्हणून कर्ज काढून हा मार्ग धरू नये असं माझं मत आहे. सत्तावीस पूर्ण न झालेल्या मुला-मुलींना 'ओ पेअर' म्हणून जर्मन कुटुंबात राहून मुलं सांभाळत भाषा शिकता येते. आठवड्याला ३० तास, महिना २८० युरो हातखर्च, राहणं-जेवण त्या घरचं. पैसे साठवायला हा मार्ग नव्हे, भाषेसाठी उत्तम.

एजंट

बॅलटची जागा विकत मिळत नाही. 'फेब्रुवारीची सीट पक्की करून देतो' म्हणणारा माणूस खोटं बोलतो आहे, मग त्याचं ऑफिस पणजीत कितीही झकपक असो. परदेशी नोकरीवर माणसं पाठवणाऱ्याकडे १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखालची नोंदणी हवी. ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणी क्रमांक टाकून ती चालू आहे का, हे घरबसल्या दिसतं. असा एजंट उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो. पावती घ्या, रोख देऊ नका, मूळ पासपोर्ट कुणाच्या ताब्यात ठेवू नका. 'टुरिस्ट व्हिसावर जा, तिकडे बदलून घेऊ' हे वाक्य ऐकलं की उठून या. शंका असेल तर गोवा सरकारच्या एनआरआय आयुक्तांच्या कार्यालयात विचारा.

निघण्याआधी आणि तिथे असताना

पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स वेळेवर काढा. बँकेला परदेशी जात असल्याचं कळवून खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करून घ्या. डीएस-२०१९, विमा, नेमणुकीचं पत्र, प्रमाणपत्रं यांच्या प्रती हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या सामानात नकोत, आणि एक संच घरी आईकडे द्या. जे-१ वर गेलात तर उतरल्यावर लगेच स्पॉन्सरला कळवून सेव्हिसमध्ये नोंद पक्की करून घ्या. ती राहिली तर कार्यक्रम रद्द होतो. काम आराखड्याप्रमाणे होत नसेल तर हॉटेलशी भांडण्याआधी स्पॉन्सरला ईमेल करा. त्याचं ऐकून घेणं हे स्पॉन्सरचं कामच आहे.

प्रत्येक पगाराची स्लिप जपा. परतीच्या किमान महिनाभर आधी तिथल्या मालकाकडून कामाचं पत्र आणि त्या देशाचं पोलीस प्रमाणपत्र मागवा. पुढे दुसऱ्या देशाचा व्हिसा काढताना दोन्ही लागतात, आणि गोव्यात बसून पोस्टाने ते मिळवायला तिथल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो.